चक्की तिकडे गेली

बस शेवटच्या थांब्यावर येऊन थांबली तेव्हा आत तिघंच उरली होती: ड्रायव्हर, लेखिका आणि लेखिकेच्या वन्सं. लेखिका म्हणजे कथा-कविता लिहिणारी नव्हे. प्रवाशांनी कुठं उतरावं, कुठं झोपावं, कुठली वाट धरावी हे सांगणारी पुस्तकं ती लिहायची. सरहद्दीलगतच्या या डोंगराळ मुलखावरचं प्रकरण फार जुनं झालं होतं, आणि ते नव्यानं तपासायचं काम प्रकाशकानं तिच्या गळ्यात घातलं होतं. वन्सं मात्र आपण होऊन आल्या होत्या. जन्म इस्पितळात परिचारिका म्हणून काढलेला, आता घरी बसून कंटाळलेल्या. "त्या आडरानात एकटी कुठं जातेस? आणि मला डॉक्टरनं चालायला सांगितलंय," असं म्हणत त्यांनी परस्पर बॅग भरली. लेखिकेच्या नवऱ्यानं बहिणीपुढे हात टेकले. बायकोपुढे ते आधीच टेकलेले होते.

गावात उतरायला एकच जागा, थांब्यासमोरची खाणावळ. वर चार खोल्या, खाली जेवायची मेजं. मालकीण साठीच्या पुढची, हाडापेरानं मजबूत, पण जिना चढताना कठडा धरून एकेक पायरी घेणारी. तिनं खोली उघडून दिली तशी लेखिकेनं आपलं काम सुरू केलं. गादी दाबून पाहिली, नळ सोडून गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते पाहिलं, खिडकीची कडी लावून पाहिली. मालकीण दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

"सासर बघायला आल्यासारखं करताय," ती म्हणाली.

"पुस्तकासाठी बघते आहे. उद्या आम्हाला पाणचक्कीच्या वाटेनं जायचंय. जुन्या पुस्तकात लिहिलंय की या भागातली सगळ्यात सुंदर वाट तीच."

"चक्की?" मालकिणीनं कपाटातली उशी काढून पलंगावर आपटली. "ती गेली तिकडे."

"गेली म्हणजे?"

"गेली म्हणजे गेली. आधी इकडे होती."

लेखिकेनं वन्संकडे पाहिलं. वन्संनी खांदे उडवले. चक्कीला काय पाय फुटतात? पण पुढं काही विचारायच्या आत मालकीण खाली निघूनही गेली होती.

मग लेखिकेनं गावात चौकशी केली आणि आणखीच बुचकळ्यात पडली. पोस्टमन म्हणाला, पुलापासून उजवीकडे, पण वाट बंद आहे. न्हावी म्हणाला, डावीकडे, वाट उघडी आहे, पण चक्की बंद आहे. शाळेतल्या मास्तरांनी चष्मा पुसत सांगितलं की चक्की पूर्वीच जळली. आणि चौकीवरच्या शिपायानं तर तिलाच विचारलं, "कुठली चक्की?"

"सरहद्द नक्की कुठून जाते, ते तरी सांगा," लेखिका म्हणाली.

"ती दगडांची रांग दिसते ना?"

"हो."

"ती नव्हे. ती जुनी. नवी ओढ्यातून जाते."

"ओढा कुठाय?"

"त्यानं पात्र बदललंय," शिपाई म्हणाला, आणि आपण सगळं समजावून सांगितलं अशा समाधानानं आत गेला.

रात्री जेवताना वन्संनी आपलं निदान सांगितलं. "गाव काहीतरी लपवतंय. पेशंट असंच करतात. कुठं दुखतंय विचारलं की प्रत्येक वेळी वेगळीच जागा दाखवतात."

सकाळी दोघी निघाल्या तेव्हा दाट धुकं होतं. जुन्या पुस्तकातलं वर्णन लेखिकेला तोंडपाठ होतं, पण पुस्तकातलं मोठं झाड कुठं दिसेना आणि जे कुंपण दिसलं ते पुस्तकात नव्हतं. काही वेळानं तर आपण चढतोय की उतरतोय हेही कळेनासं झालं. "चकवा लागला आपल्याला," वन्सं म्हणाल्या, पण घाबरल्या नाहीत, उलट मजेत होत्या. कुठंतरी पायाखाली लाकूड वाजलं, ओलसर, हलणारं. मग गवत लागलं. मग घरघर ऐकू आली, आणि धुक्यातून एक दगडी भिंत एकदम समोर आली. भिंतीच्या कडेला एक मोठं लाकडी चाक पाणी उडवत फिरत होतं.

चक्की होती. जळलेली नव्हती, बंद नव्हती, कुठं गेलेलीही नव्हती. दारात कोपरापर्यंत पिठानं माखलेली एक बाई उभी होती.

"वाट चुकलात वाटतं?" तिनं विचारलं. बोली तीच, हेल तोच.

"चुकलो की बरोबर आलो तेच कळत नाही," लेखिका म्हणाली.

चक्कीवालीनं दोघींना आत नेऊन पोत्यांवर बसवलं, चहा दिला. खाणावळीत उतरलोय म्हटल्यावर तिचा हात किटलीवर थांबला.

"ताईचा गुडघा कसा आहे?"

"वाईट आहे," वन्सं म्हणाल्या. "पाण्यानं भरलाय. तुमची ताई का ती?"

"थोरली. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी." तिनं पदरानं कपावरचं पीठ पुसायचा प्रयत्न केला आणि आणखी लावून ठेवलं. "ती लग्न होऊन खाणावळीत गेली तेव्हा सगळं एकच होतं. नंतर वरच्यांनी रेघ ओढली आणि चक्की या बाजूला आली. मी बाबांजवळ राहिले. बाबा गेले तेव्हा सगळं गाव आलं, पलीकडचंसुद्धा. पोस्टमन आला, न्हावी आला, मास्तर आले. आली नाही ती एकटी."

"वाट बंद होती म्हणून असेल," लेखिका म्हणाली.

"कुठली वाट? आत्ता तुम्ही आलात ती?"

लेखिकेनं चहाचा घोट घेतला. म्हणजे आपण आता परदेशात बसलो आहोत, एवढं तिच्या डोक्यात शिरलं, आणि पासपोर्ट खाणावळीतल्या उशीखाली आहे हेही त्यापाठोपाठ शिरलं. वन्संना त्याचं काही नव्हतं. त्या चक्कीवालीच्या बोटांचे सांधे तपासत होत्या.

परत येताना धुकं विरळलं होतं. चौकीपाशी शिपायानं अडवलं. "कुठून आलात?"

"चक्कीवरून," लेखिका खरं तेच बोलली. खोटं बोलायला आधी खरं काय ते तरी नीट माहीत हवं.

"चक्कीवर जाता येत नाही."

"पण आम्ही गेलो."

शिपायानं बराच विचार केला. "मग ती दुसरी असेल," तो म्हणाला आणि त्यांना जाऊ दिलं.

खाणावळीत मालकिणीनं जेवण वाढलं, ताटं उचलली, मेज पुसलं. पुसलेलं मेज पुन्हा पुसलं. मग फडकं हातात धरूनच म्हणाली, "चाक फिरतंय का अजून?"

"फिरतंय," वन्सं म्हणाल्या. "आणि तुमचा गुडघा कसा आहे म्हणून विचारत होती."

मालकीण खुर्ची ओढून बसली. तिनं सांगितलं ती हकिगत चक्कीवालीच्या हकिगतीला बिलगून जात होती आणि तरीही वेगळी होती. बाबा गेले तेव्हा तिनं परवानगीसाठी अर्ज केला होता. परवानगी आली नाही. बाकीचे लोक विनापरवाना गेले हे तिला नंतर कळलं. "मला कुणी सांगितलंच नाही की नुसतं उठून गेलं तरी चालतं. मी नियमानं वागले. आणि तेव्हापासून माझ्यासमोर कुणी चक्कीचं नाव काढत नाही. काढलं तर मला वाईट वाटेल म्हणून."

आता लेखिकेला पोस्टमन आणि न्हावी थोडेसे उमगले, पण सरहद्द मुळीच उमगली नाही. बंद असलेल्या वाटेनं सगळं गाव जातं आणि एक सख्खी बहीण जात नाही, हे कुठल्या नकाशात दाखवायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी खाली आल्या तर मालकीण जाड बूट घालून, डोक्याला रुमाल बांधून दारात उभी. हातात खाणावळीचं कुलूप.

"मला वाट दाखवा," ती म्हणाली.

"आम्ही? अहो, तुमचं माहेर आहे ते!"

"तेव्हाची वाट वेगळी होती. वर जंगल वाढलं, खाली चौकी झाली. तुम्ही काल गेला होतात. आणि तुम्ही तर वाटांची पुस्तकं लिहिता."

आयुष्यभर तिनं हजारो लोकांना वाटा सांगितल्या होत्या, पण ज्यांना सांगितल्या त्यांची तोंडं तिला कधी बघावी लागली नव्हती. ती पुढे झाली. लख्ख ऊन पडलं होतं, आणि उन्हात कालचं काहीच ओळखू येत नव्हतं. कालचं कुंपण आज तीन ठिकाणी होतं. काल पायाखाली लाकूड वाजलं होतं, ती फळी शोधत तिघी ओढ्याच्या काठाकाठानं खाली गेल्या, वर आल्या, पुन्हा खाली गेल्या.

"इथंच होती. नाही का हो वन्सं?"

"मला काय माहीत? मी तुझ्या पाठीकडे बघून चालत होते."

फळी कुणी काढून ठेवली, वाहून गेली, की काल त्या दुसऱ्याच जागी होत्या, ते काही कळलं नाही. पण ओढ्यापलीकडे, वळणावर, चाक मात्र दिसलं. आणि चाकाजवळ चक्कीवाली कपडे वाळत घालत होती. मालकीण थांबली. पलीकडची बाईही हातात ओलं कापड घेऊन थांबली. मध्ये पाणी खळाळत होतं, त्यामुळं दोघींना ओरडूनच बोलावं लागलं.

"बाबांना कुठं पुरलंस?" मालकीण ओरडली. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य हेच.

"वरच्या शेतात! तुतीखाली!"

"तुतीखाली? अगं, तिथं पाणी साचतं!"

"मग यायचं होतंस सांगायला!"

"मला परवानगी दिली नाही!"

"तुला जेवायलाही परवानगी लागते का गं?"

लेखिका एकीकडून दुसरीकडे मान वळवत होती. हे भांडण चाललंय की समेट, तिला काही केल्या ठरवता येईना. शब्द भांडणाचे होते, पण दोघींपैकी एकही जागची हलत नव्हती. मग चक्कीवाली कापड टाकून तरातरा आत गेली, आणि आतून घरघर सुरू झाली, कालच्यापेक्षा मोठी.

"बघितलंत?" मालकिणीचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. "मी बोलायला लागले की ही जातं सोडते. लहानपणापासून हेच." ती खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली.

"अहो, तो गुडघा! पाणी गार आहे!" वन्सं ओरडल्या. पण पालथ्या घड्यावर पाणी. मालकीण बूट हातात घेऊन ओढ्यात उतरलीसुद्धा. मधल्या धारेत ती एकदा हेलकावली, तेव्हा दारातून चक्कीवाली धावत आली आणि कपड्यांसकट पाण्यात शिरली. दोघी एकमेकींचे दंड धरून पलीकडे चढल्या. काठावर गेल्यावरही त्यांनी दंड सोडले नाहीत, आणि बोलणंही थांबवलं नाही. तशाच तावातावानं त्या शेताच्या बाजूला दिसेनाशा झाल्या.

मागून कुणीतरी खाकरलं. कालचा शिपाई होता.

"कोण गेलं तिकडे?"

"बहीण," लेखिका म्हणाली.

"कुणाची?"

"तिची."

शिपायानं टोपी काढली, डोकं खाजवलं. "आणि ती कोण?"

"तीही बहीणच." लेखिकेला स्वतःचीच दया आली. "साहेब, ओढ्याच्या नक्की कुठल्या काठापासून पलीकडचं सुरू होतं?"

"मला मधोमध असं सांगितलंय." त्यानं पाण्याकडे पाहिलं. "पण मधोमध कुणी थांबत नाही हो." मग तो एका दगडावर टेकला. "परत येणार आहे ना? जेवण खाणावळीतूनच येतं माझं."

मालकीण दुपार कलल्यावर आली, कमरेपर्यंत भिजलेली आणि भयंकर चिडलेली. वन्संनी तिला खडकावर बसवून पोटऱ्या चोळायला घेतल्या.

"ठेवलंय पाण्यात! सांगितलं होतं ना मी? मातीला हात लावला तर चिखल. चर खणून पाणी खाली काढायला हवं. ती म्हणते नको, तुती मरेल. ऐकतच नाही!" तिनं शिपायाकडे वळून विचारलं, "चौकीत फावडं आहे का रे?"

"आहे, पण सरकारी आहे."

"मग सकाळी आणून दे."

शिपायानं लेखिकेकडे पाहिलं, जणू नियमांचं पुस्तक तिनंच लिहिलं असावं. लेखिका ओढ्याकडे बघत राहिली. तो हो म्हणाला नाही, आणि नाहीही म्हणाला नाही.

परतीच्या बसमध्ये लेखिकेनं प्रकरण लिहायला घेतलं. खाणावळ, गरम पाणी, बसच्या वेळा, जाड बूट आणावेत ही सूचना, हे सगळं भराभर झालं. चक्कीपाशी पेन्सिल अडली. वाट छापली तर उद्या टोळकी येतील, वरच्यांच्या कानावर जाईल आणि मग खरंच कुंपण पडेल. नाही छापली, तर चक्कीचं नाव न काढणाऱ्या त्या सगळ्या गावासारखीच आपणही एक.

"वन्सं, आपण बरं केलं की वाईट? गुडघा बिघडला असेल तिचा."

"बिघडला असणारच," वन्सं खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "सुजेलही चांगला. ती तुती कुठल्या जातीची होती गं, पांढरी की काळी?"

लेखिकेला ते माहीत नव्हतं. तुती तिनं पाहिलीच नव्हती.