निळं खिडकीत, तांबडं दिव्याखाली

मित्रांनो, जरा मान वर करा. दिव्याकडे नको, दिव्याकडे सगळेच बघतात. जिथे वायर संपते आणि दिवा सुरू होतो, तिथे बघा. मी एक जुना पितळी होल्डर आहे. एका घराच्या पुढच्या खोलीत, रफूच्या टेबलावर, चाळीस वर्षं उलटा टांगलेला आहे. इतक्या वर्षांत मी कुणाबद्दल तक्रार केली नाही. आज करणार आहे, कारण या घरात एका बाईवर खोटा आरोप झाला, आणि तो माझ्या तोंडात बसवलेल्या दिव्यामुळे झाला.

एका लहान कारखान्यात पितळेचा पत्रा साच्यात दाबून माझं अंग घडवलं. आत चिनी मातीची चकती बसवली, तिच्यात दोन स्प्रिंगा. दिव्याच्या खुंट्या माझ्या खाचांत घालायच्या, दाबायचं, किंचित वळवायचं. दिवा घट्ट धरणं आणि त्याला वीज पोचवणं, एवढंच माझं काम. उजेड कसा पडावा हे माझ्या हातात नाही.

माझ्या खालच्या टेबलावर आजी रफू करतात. कापडाला भोक पडलं की जुळणारा धागा शोधायचा आणि उभं-आडवं विणत ते असं बुजवायचं, की कपड्याच्या मालकालाही ती जागा सापडू नये. धागा किंचित चुकला तर सगळी मेहनत पाण्यात. आजींच्या पत्र्याच्या डब्यात तीनशेहून जास्त रंगांचे धागे आहेत.

पूर्वी माझ्यात तारेचा दिवा असे. त्याचा उजेड तांबूस. त्यात लाल, मरून, तपकिरी अशा छटा स्पष्ट वेगळ्या दिसत. पण गडद निळा आणि काळा मात्र अगदी सारखे. आजी हे शाळेत शिकल्या नव्हत्या, त्यांनी ते कामातून ओळखलं होतं. म्हणून त्यांचा नियम होता, ‘निळं खिडकीत, तांबडं दिव्याखाली.’ निळे-काळे धागे त्या सकाळी खिडकीपाशी निवडत आणि तांबडे संध्याकाळी माझ्याखाली. चाळीस वर्षांत एकदाही कपडा परत आला नाही.

मग आजींच्या मुलाने घरातले दिवे बदलायला घेतले. सूनबाई वैतागल्या की नवऱ्याला ‘बचतराव’ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. बचतीला माझा विरोध नाही, मित्रांनो. तारेचा दिवा बहुतेक वीज उष्णतेत घालवायचा; मी इतका तापायचो की माझ्यावर माशी टेकत नसे. तो गेला, मला थंडावा मिळाला. राग बचतीचा नाही. राग न बघता केलेल्या बचतीचा आहे.

बाथरूममध्ये आला वेटोळ्यांचा दिवा. “माझी आंघोळ होते तेव्हा कुठे तो जागा होतो,” सूनबाई म्हणाल्या. जिन्यातला दिवा बंद काचेच्या गोळ्यात गुदमरून चार महिन्यांत गेला. झोपायच्या खोलीत उजेड कमी-जास्त करायचं जुनं बटण होतं. तिथला दिवा सारखा डोळे मिचकवायचा. बचतराव प्रत्येक दिव्याच्या मानेवर पेनाने तारीख लिहीत आणि एका खोलीत नीट चालला नाही की त्याची दुसऱ्या खोलीत बदली करत. बटण कसलं आहे, काच बंद आहे का, हे बघणं नाही.

“खोक्यावर लिहिलंय, शंभर वॅटएवढा उजेड!”

“मग तुम्ही खोक्याखालीच बसून पेपर वाचा,” सूनबाई म्हणाल्या.

शेवटी तो मिचकवणारा दिवा माझ्याकडे आला. इथे तसलं बटण नव्हतं, त्यामुळे मिचकवायचा थांबला. पांढरा, झगझगीत.

“बघ आई, कसा लख्ख!”

“लख्ख आहे रे. पण कापड जरा परक्यासारखं दिसतंय.”

“होईल सवय.”

त्याच आठवड्यात बँडमास्तर कोपराला फाटलेला मरून कोट घेऊन आले. आजींनी नियमाप्रमाणे तांबडा धागा संध्याकाळी, माझ्याखाली निवडला. तीन संध्याकाळी बसून रफू केलं. कोट नेल्यावर दोनच दिवसांनी मास्तर परत दारात.

“काकू, भर उन्हात वाजवत होतो. पोरं विचारतात, मास्तर, कोपराला चिखल लागलाय का?”

आजी कोट घेऊन खिडकीशी गेल्या. मरून कापडावर तपकिरी धाग्याचा डाग होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवून पाहिलं.

निकाल बचतरावांनी दिला. “आई, आता डोळे साथ देत नाहीत तुझे. किती दिवस ओढशील? बंद कर हे.”

डोळे तपासले. चष्म्याचा नंबर तोच निघाला. तरी निकाल बदलला नाही: “नंबर तोच असला तरी वय झालंच ना!” मी वर लटकून ऐकत होतो. आरोपी माझ्या तोंडात बसून लख्ख हसत होता आणि शिक्षा खाली बसलेल्या बाईला होत होती! मला बोलता येत असतं तर सगळी गल्ली गोळा केली असती.

आजींनी ते खरं मानलं, याचंच मला जास्त वाईट वाटलं. धाग्यांचा डबा कुणाला तरी देऊन टाकायचं त्यांनी ठरवलं. देण्याआधी एका संध्याकाळी त्या गुंता सोडवून धागे रंगवार लावायला बसल्या. काळे इकडे, गडद निळे तिकडे, पुन्हा काळा इकडे. एकाएकी हात थांबला.

“सूनबाई, जरा ये. यातला निळा कुठला?”

“हा की. स्पष्ट दिसतोय.”

“मलाही दिसतोय. चाळीस वर्षांत दिव्याखाली निळा आणि काळा कधी वेगळा दिसला नाही मला. डोळे गेलेत, तर आज कसा दिसला?”

सूनबाई खुर्ची ओढून बसल्या. दोघींनी तांबडे धागे काढले. मग बचतरावांना हाक मारली.

“या चारांतले दोन मरून उचल,” आजी म्हणाल्या.

“हे काय, सोपंय!” त्यांनी दोन उचलले. आजींनी ते कागदात गुंडाळून त्यांच्याच खिशात ठेवले. सकाळी खिडकीपाशी कागद उघडला. एक धागा मरून होता, दुसरा तपकिरी.

“तुझेही डोळे गेले वाटतं, बाळा.”

बचतरावांनी दोन्ही धागे उलटसुलट करून पाहिले. जुन्या दिव्यात जी निळी-काळी बाजू आंधळी होती ती या दिव्यात उघडली होती आणि जी तांबडी बाजू उघडी होती ती मिटली होती. उजेड किती, हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत होतं. रंग किती खरे दिसतील, हे कुणी विचारलंच नव्हतं.

त्या दुपारी आजी सूनबाईंबरोबर, ते दोन धागे मुठीत धरून दिव्यांच्या दुकानात गेल्या. सूनबाईंनी घरी येऊन सगळं सांगितलं. आजी एकेक दिवा लावायला सांगत आणि त्याखाली धागे धरत.

“काकू, दिवा घ्यायचाय की कापड?” दुकानदार कंटाळून म्हणाला.

“दिवाच. पण कापडासारखाच बघून घेणार.”

पाचवा दिवा जमला. तोही वीज वाचवणाराच. आज तो माझ्यात आहे. बँडमास्तरांच्या कोटाचं रफू आजींनी उसवून नव्याने केलं, आणि उन्हात ती जागा खुद्द आजींनाच सापडेना. धाग्यांचा डबा टेबलावरच आहे. बचतरावांनी माफी मागितली नाही. नव्या दिव्याच्या मानेवर तारीख लिहायला ते स्टुलावर चढले, तेव्हा आजींनी एक मरून आणि एक तपकिरी धागा त्यांच्या हातात दिले आणि माझ्या वायरीला बांधायला लावले. यापुढे जो दिवा हे दोन वेगळे दाखवेल, तोच इथे बसेल.

मित्रांनो, वीज जरूर वाचवा. पण घरात कुणी म्हणालं, “मला नीट दिसत नाही,” तर त्यांचं वय मोजण्याआधी एकदा मान वर करा. मी वरून दोन धागे हलवत असेन.