कबुलीची अट

"मोठ्यानं बोल," गावसमितीच्या मिसेस हॉगन म्हणाल्या, "सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

डेल्टन उठून उभा राहिला. "स्केटिंग हॉलची काच मी फोडली. आतलं कँटीनही मीच विस्कटलं."

व्हर्नाच्या हातातला कॉफीचा कागदी पेला चुरगळला. बहिणीमागं हे पोर तिनं लहानाचं मोठं केलं होतं. 'माझं पोर तसलं नाही' म्हणून ती महिनाभर गावाशी भांडली होती, पोलिसाशी, शाळेशी, दुकानात कुजबुजणाऱ्या बायांशी. काच फोडली होती ट्रेंटनं, याच हॉगनबाईंच्या दिवट्यानं. तो पळाला. डेल्टन तिथंच उभा राहिला, म्हणून सापडला. आणि वस्तीवरच्या क्री आदिवासी पोराचं कोण ऐकतंय?

वकिलानं स्वच्छ सांगितलं होतं, ही गावसमिती गुन्हा कबूल करणाऱ्यालाच पदरात घेते. कबूल केलं तर उन्हाळ्यापर्यंत हॉल झाडायचा, विषय संपला. नाही म्हटलं तर कोर्ट. आणि कोर्टाचा डाग लागला की वणवा विझवणाऱ्या तुकडीत कोण घेणार? त्या तुकडीपायी पोरगा हिवाळाभर पाठीवर वाळूचं पोतं घेऊन पळत होता. शेवटी आज सकाळी व्हर्नानंच त्याला सांगितलं, "म्हण बाबा, मी केलं." म्हणे पोरांना वाचवतात! आग लागो असल्या वाचवण्याला.

"सोबत कोण होतं?" समितीतल्या म्हाताऱ्या पाद्र्यानं विचारलं.

"कुणी नाही."

मिसेस हॉगननी सुटकेचा श्वास सोडला. व्हर्नाला तो ऐकू आला. म्हणजे बाईला सगळं ठाऊक होतं! व्हर्ना ताडकन उठली.

"आणि तुमच्या ट्रेंटच्या हातात झाडू कधी देताय?"

मिसेस हॉगनचा चेहरा पडला, पण आवाज हलला नाही. "डेल्टन कबुली मागे घेतोय का? तसं असेल तर प्रकरण कोर्टात परत पाठवावं लागेल."

"नाही, नाही! मीच केलं," डेल्टन घाईनं म्हणाला. "मावशी, बस ना गं."

ती बसली.

"आता ज्यांना तुझ्यामुळं त्रास झाला, त्यांची माफी माग," पाद्री म्हणाला.

हॉलचा व्यवस्थापक समोरच बसला होता. डेल्टन त्याच्याकडे वळलाच नाही.

"मावशी, माफ कर. तू माझ्यासाठी सगळ्यांशी भांडलीस, आणि मी तुला चारचौघांत खोटं पाडलं."

पाद्र्यानं डोळे टिपले. "याला म्हणतात पश्चात्ताप. लिहून घ्या, मिसेस हॉगन."

मिसेस हॉगननी मान खाली घातली आणि लिहून घेतलं.