उजव्याविना डावा

मित्रांनो, नॉर्वेच्या उत्तरेला, ट्रॉम्सोच्या बंदरावर माशांचं एक जुनं गोदाम आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर, खिडकीखाली एक लाकडी खोकं उभं आहे. येणारा-जाणारा त्याच्यावर कॉफीचा कप ठेवतो. कुणी ओले हातमोजे वाळत टाकतो. ते खोकं म्हणजे मी. मी एक जुना स्पीकर आहे आणि मी डावा आहे. डावा असल्याचं मुद्दाम सांगतो, कारण आमच्या जातीत कुणी एकटा जन्माला येत नाही. मला एक जुळा भाऊ आहे. तो उजवा.

आमचा जन्म दूर दक्षिणेला झाला, तूरलाइफ नावाच्या एका सुताराच्या हातून. त्याने बर्चची एकच लांब फळी मधोमध कापली आणि आम्हा दोघांच्या अंगाला वाटून दिली. त्यामुळे माझ्या पोटावरून निघालेली लाकडाची रेघ भावाच्या पोटावर पुढे चालू होते. आम्हाला शेजारी उभं केलं की ती रेघ एकसंध दिसते. आम्ही पहिल्यांदा गायलो तेव्हा तूरलाइफने हातातला रंधा खाली ठेवला, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "वाईट नाही." आमच्याकडे याहून मोठं कौतुक नसतं. मी ते आजही जपून ठेवलं आहे.

मग गुडवाइग आली. उंच, हाडकुळी, कानांवर लोकरीची टोपी ओढलेली. तिने आम्हाला विकत घेतलं, आपल्या दोन जुन्या स्वेटरांत गुंडाळलं आणि बोटीने उत्तरेला आणलं. या गोदामात तिने नुकतीच आपली एजन्सी थाटली होती. घरातल्या खोलीत बसून तारा, बटणं आणि यंत्रं जोडून गाणी बनवणारी काही मुलं-मुली होती. मोठ्या कंपनीचं दार ठोठावायला त्यांचे हात धजत नसत. त्यांची गाणी परदेशी पाठवायची, महोत्सवांत त्यांना जागा मिळवायची, रेडिओवाल्यांचा पिच्छा पुरवायचा आणि ऐन वेळी कलावंत घाबरून पसार झाला तर त्याला शोधून मंचावर उभं करायचं, हे गुडवाइगचं काम.

काम सोपं नव्हतं. स्वतःला कुणी विशेष समजू नये, हे आमच्याकडे दुधाच्या दातांबरोबर शिकवतात. आता जो माणूस 'माझं गाणं ऐका' एवढंही म्हणायला तयार नाही, त्याचा डंका पिटायचा तरी कसा? गुडवाइग हसून म्हणायची की मी मुक्यांची वकिली करते. बोलायला ती स्वतःही काही फार वेगळी नव्हती. दुसऱ्यांसाठी भांडताना तिची जीभ तलवारीसारखी चालायची, स्वतःचं काही मागायचं झालं की तीच जीभ टाळूला चिकटायची.

नवं गाणं आलं की ते आधी आमच्यावर लागायचं. त्याचा एक रिवाज होता. गाणं बनवणारा त्या वेळी खोलीत थांबत नसे. आपलंच गाणं चारचौघांत बसून ऐकायचं म्हणजे आरशासमोर उभं राहून स्वतःलाच टाळ्या वाजवायच्या. तो आपला कप घेऊन खाली धक्क्यावर जायचा आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहायचा, बर्फ पडत असला तरी. इकडे गाणं संपलं की गुडवाइग खिडकी उघडायची. गाणं जमलं असेल तर हाक यायची, "वर ये, वाफल खायला!" जमलं नसेल तर नुसतीच कॉफीची हाक. वर येणाऱ्याला जिन्यातच वास यायचा आणि निकाल कळायचा. वाफल म्हणजे साच्यात भाजलेलं जाळीदार, गोडसर घावन. तपकिरी चीज घातलेल्या त्या गरम वाफलसाठी मी मोठमोठ्यांना जिना धावत चढताना ऐकलं आहे.

ते आमचे सोन्याचे दिवस होते. गाण्यात एखादी होडी असली तर ती माझ्या बाजूने सुटायची, आम्हा दोघांच्या मधली मोकळी जागा ओलांडायची आणि भावाच्या बाजूला लागायची. पाऊल मी वाजवायचो, दार तो उघडायचा. मोठेपणावरून आमच्यात डावं-उजवं कधी झालं नाही. खरं सांगायचं तर गाणं माझ्यातही नसायचं आणि त्याच्यातही नसायचं. ते मधे उभं असायचं, जिथे काहीच नव्हतं तिथे.

एके दिवशी आइरुन आली. बाहेरच्या बेटावरची, एका मच्छीमाराची मुलगी. बोलायची इतकं कमी, की तिचं नाव कळायलाच कॉफीचे दोन कप गेले. बापाच्या होडीच्या इंजिनाची धडधड तिने ध्वनिमुद्रित केली होती आणि त्या धडधडीवर सगळं गाणं रचलं होतं. ती धक्क्यावर जाऊन उभी राहिली, आम्ही गायला लागलो. गाणं निम्म्यावर आलं नाही तोच गुडवाइग उठली आणि तिने वाफलचा साचा तापत ठेवला. असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

त्या गाण्याने आइरुनला देशोदेशी नेलं. गुडवाइग प्रत्येक ठिकाणी तिच्याबरोबर गेली. मंचामागे तिचा गार हात धरून बसायची आणि वेळ झाली की पाठीवर हलकेच चापट मारायची. गुडवाइगला मूलबाळ नव्हतं. ती कधी बोलली नाही, पण आइरुनचा जिना चढण्याचा आवाज आला की तिचा चेहरा उजळायचा, हे आम्हा दोघांना दिसत होतं.

पुढचं गाणं मात्र येईना. आइरुनने ठरवलं की बेटावर, बापाच्या रिकाम्या घरात जाऊन राहायचं आणि तिथेच काय ते बनवायचं. तिच्याकडे ऐकायला धड काही नव्हतं. कानात घालायच्या यंत्रांनी तिचं डोकं दुखायचं. गुडवाइगने क्षणभर आमच्याकडे पाहिलं आणि भावाला उचललं. पुन्हा त्याच जुन्या स्वेटरात गुंडाळून तिने तो आइरुनच्या हातात दिला.

"एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे," ती म्हणाली. "गाणं झालं की घेऊन ये. दोघांवर मिळून ऐकू."

"वसंतात आणते," आइरुन म्हणाली.

मी जिन्यावरून भावाला उतरताना ऐकलं. बोटीचा भोंगा वाजला. मला वाटलं, वसंत काय, आलाच की.

वसंत आला, बर्फ वितळलं. ती आली नाही. पुढचाही आला, आणि त्यानंतरचे कितीतरी. मित्रांनो, एकट्या स्पीकरचं दुःख काय सांगू? गाण्यातली होडी माझ्याकडून सुटायची आणि मध्यावर जाऊन बुडायची. पलीकडे तिला घ्यायला कुणी नव्हतं. मी पाऊल वाजवायचो, दार उघडत नसे. शेवटी एजन्सीत लहान, काळे, चकचकीत नवे स्पीकर आले आणि माझी तार काढून टाकली. तेव्हापासून मी टेबल झालो. कपांचे गोल डाग माझ्या डोक्यावर पडले, धूळ साचली. त्याचं मला फारसं वाटलं नाही. वाटायचं ते एकाच गोष्टीचं. बंदरात बोट लागली की मी कान टवकारायचो, आणि खिडकीशी उभी असलेली गुडवाइगही.

ती फोन उचलायची आणि परत ठेवायची. हे आमुंडला बघवेना. आमुंड हा तिच्या हाताखाली आलेला नवा सहकारी, दक्षिणेतल्या बर्गन शहराचा, म्हणजे जिभेला हाड नसलेला. तो म्हणायचा, एक फोन करायला काय जातं?

"फोन केला तर तिला वाटेल मी स्पीकर मागतेय," गुडवाइग म्हणायची. "नाहीतर वाटेल गाण्यासाठी तगादा लावतेय. माणसाला निवांत राहू द्यावं."

"निवांत म्हणजे किती? माणूस जिवंत आहे का मेला, तेही कळू नये इतकं?"

गुडवाइग कपबशा विसळायला घ्यायची.

त्याच सुमारास तिने आपली खुर्ची फिरवली. आधी ती माझ्याकडे तोंड करून बसायची, आता तिरकी बसू लागली, उजवा कान खोलीकडे करून. तिचा डावा कान गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दुसराही मंदावतोय, त्याचाही भरवसा नाही. तिने कुणाला सांगितलं नाही, पण आमुंडने तिला डावीकडून तीनदा हाक मारली आणि तिने वळून पाहिलं नाही, तेव्हा त्याने ओळखलं. तो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. आता तरी आइरुनला कळव, म्हणाला. गुडवाइगने मान हलवली. कानाचं कारण सांगून तिला बोलवायचं म्हणजे दयेची भीक मागायची, ते तिला जमणार नव्हतं. शिवाय तिने आमुंडकडून वचन घेतलं की तोही फोन करणार नाही.

मी तिथेच होतो, पण माझी तार काढलेली. ओरडावंसं वाटत होतं की अरे, कुणीतरी बोलवा माझ्या भावाला. हिचा एक कान शिल्लक आहे तोवर बोलवा. पण स्पीकरला दुसऱ्याने दिलेलंच बोलता येतं.

ईस्टरच्या सुट्टीत सगळं गाव स्की घेऊन डोंगरात पळालं. आमुंड बर्गनला आईकडे जातो म्हणून सांगून गेला. बर्गनची बोट दक्षिणेला जाते. त्या दिवशी त्याच्या बोटीचा भोंगा मला बाहेरच्या बेटांकडून ऐकू आला. वचन फोनचं होतं, बोटीचं नव्हतं.

सुट्टी संपायच्या आत जिन्यावर पावलं वाजली. आमुंडची मी ओळखली. त्याच्यामागून जड काहीतरी उचलून कुणीतरी पायरी-पायरीला थांबत येत होतं. दार उघडलं. दारात आइरुन उभी होती, केसांत पांढरं आलेलं, आणि तिच्या कवेत त्याच जुन्या स्वेटरातला माझा भाऊ.

आमुंडने एका दमात सगळं ओकलं. गाणं केव्हाच तयार होतं. पण गुडवाइगने इतक्या वर्षांत विचारलं नाही, म्हणजे तिचा आपल्यावरचा जीव उडाला असणार, मग आपण होऊन दारात कशाला उभं राहायचं, असं धरून आइरुन तिकडे बसली होती. आणि तिने निवांत राहावं म्हणून गुडवाइग इकडे बसली होती.

"दोघी इतक्या सभ्य," आमुंड म्हणाला, "की सभ्यपणानेच मेल्या असत्या."

कुणी हसलं नाही. गुडवाइगने वाफलचा साचा तापत ठेवला. अजून गाणं लागलंही नव्हतं. आइरुनने ते पाहिलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

मग त्यांनी भावाला माझ्या शेजारी ठेवलं. त्याच्या अंगाला खारा वास येत होता, एक कोपरा उंदराने कुरतडला होता. पण रेघ जुळली. माझ्या पोटावरून निघाली आणि त्याच्या पोटावर पुढे गेली. मला जितकं सांगायचं होतं तितकं सगळं त्या एका रेघेत होतं.

माझी धूळ पुसली, तार जोडली. आइरुन म्हणाली की दोन्ही बाजू तिने या एकट्यावरच आळीपाळीने ऐकून बनवल्या, एकत्र कधी ऐकल्याच नाहीत. त्यासाठी दोघं लागतात. मग सवयीने तिने कॉफीचा कप उचलला आणि ती दाराकडे निघाली.

"आज नको जाऊस," गुडवाइग म्हणाली.

आइरुन दाराशीच थांबली. गाणं सुरू झालं. या वेळी होडी भावाकडून सुटली, लांब समुद्रातून, वारा आणि पाण्यासकट. ती माझ्या दिशेने येत होती. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे येत होतं. मध्यावर आली आणि पुढे सरकली, माझ्यात शिरली, आणि गुडवाइगने चमकून मान वर केली.

"कुठे गेली?" तिने विचारलं.

होडी तिच्या डाव्या बाजूला आली होती. आज जुन्या सवयीने सरळ समोर बसलेल्या गुडवाइगसाठी ती मध्यावरच बुडाली होती. आमुंडने जमिनीकडे पाहिलं. आइरुनला एका क्षणात कळलं. जिने जन्मात स्वतःच्या गाण्याबद्दल एक शब्द काढला नव्हता, ती लगबगीने येऊन गुडवाइगच्या उजव्या कानाशी गुडघ्यांवर बसली.

"बुडाली नाही. चालू आहे," ती म्हणाली. "आता मोठा खडक मागे पडलाय. आता बंदराचा दिवा दिसतोय. आता इंजिन हळू केलंय मी, ऐकतेस ना? आता दोर फेकलाय."

"घेतला का कुणी?"

"तू घेतलास. तू उभी आहेस धक्क्यावर."

गुडवाइग उठली आणि तिने माझ्यावर आपला तळहात टेकला. मी होतं नव्हतं ते सगळं बळ लावून गायलो. इंजिनाची धडधड माझ्या लाकडातून तिच्या हातात गेली आणि हाताने तिने शेवटपर्यंत ऐकलं. साच्यातलं वाफल जळून कोळसा झालं, त्याचा वास खोलीभर पसरला, पण खिडकी उघडायला कुणी उठलं नाही.

"मी रोज वाट बघितली तुझी," गुडवाइग म्हणाली. हे तिने तेव्हाच सांगायला हवं होतं, दोन्ही कान शाबूत असताना.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं खोकं असेल तर त्याच्यावर ओले हातमोजे टाकू नका, लाकूड फुगतं. पण तेवढं विसरलात तरी चालेल. एक मात्र विसरू नका. ज्याची वाट पाहत असाल, त्याला तसं कळवा. त्याला तगादा म्हणत नाहीत.

आता माझ्या डोक्यावर कुणी कप ठेवत नाही. नवं गाणं लागलं की तिथे गुडवाइगचा हात असतो आणि उजवीकडे बसून कुणीतरी तिला डावीकडचं सांगत असतं.