ताटाची डावी बाजू

“चटणीला बोट लावत नाहीत, कोशिंबीर तशीच. उजवीकडची भाजी मात्र चाटूनपुसून! मी शेजारी बसले की तोंड फिरवतात. याला आजार म्हणतात होय?”

कस्तुराबाईंची तक्रार डॉक्टर नागनाथांकडे होती; ऐकवत होत्या खुर्चीत बसवलेल्या नवऱ्याला. चिकपेटेच्या बाजारात लुगड्यांचं दुकान चालवणाऱ्या हंबीररावांना बासष्टच्या दिवाळीत अर्धांगाचा झटका आला. त्यातून उठले, बोलू लागले, पण बायकोकडे बघेनात. झटक्याच्या आडून माणूस जुना राग काढतोय, असा बाईंचा पक्का संशय.

नागनाथांनी हंबीररावांच्या डोक्याला तारा चिकटवल्या. समोर दोन दिवे, डावीकडे एक, उजवीकडे एक. यंत्राच्या लेखण्या कागदावर लाटा काढू लागल्या.

“मेंदूतली वीज आहे ही, अक्का. लक्ष दिव्याकडं वळलं की लाटा बसतात.”

“म्हणजे मनातलं कपट कळेल. बरं झालं!”

उजवा दिवा लागला; लाटा सपाट झाल्या. डावा लागला, लाटा आपल्या चालूच.

“तो दिवाच मिणमिणता आहे. बदला!”

नागनाथांनी मुकाट्यानं दिव्यांची अदलाबदल केली. पुन्हा तेच.

“डोळे धड आहेत, अक्का. पण डावीकडं लक्षच वळत नाही. तुम्ही यांच्या कुठल्या बाजूला बसता?”

“लग्नात सासूबाईंनी डावीकडं बसवलं, तिथंच. बायकोची जागा ती!”

“आता स्वल्प उजवीकडं या.”

नाक मुरडत बाई खुर्चीला वळसा घालून आल्या. लेखण्यांच्या लाटा एकदम बसल्या. हंबीररावांचा चेहरा उजळला.

“कस्तुरा! कुठं होतीस गं इतके दिवस? नुसता आवाज यायचा तुझा. वाटलं, रागावून आतनंच बोलतीस.”

खुर्चीखाली लोंबणारा नवऱ्याचा डावा हात बाईंनी उचलला, त्याच्याच मांडीवर नीट ठेवला. कपाळावर ओघळलेला तारांचा चिकट लेप पदरानं पुसला. मग नेहमीच्याच चढ्या आवाजात म्हणाल्या,

“उद्यापासून चटणी उजवीकडं, आणि मीही. लोकं नावं ठेवतील, ठेवू देत. पण एक ऐका. रुसायचं काम माझं. तुम्हाला ते कधी जमलं नाही, पुढंही जमायचं नाही.”