उजव्या कानाची तक्रार

सगळा बाजार त्याला मामा म्हणायचा, पण खरा मामा तो एकीचाच होता. बाकीच्यांनी हाक उसनी घेतलेली. दुकान जिन्याखाली. एक टेबल, एक खुर्ची, गिऱ्हाइकासाठी एक स्टूल आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेले हेडफोन. आधी रेडिओ, मग टेप, मग आणखी काय काय दुरुस्त करून झालं आणि गेली बारा वर्षं मामा फक्त हेडफोनच उघडत होता.

त्याच्या मते जगात दोनच तऱ्हेची माणसं होती, वाजवणारी आणि बनवणारी. वाजवणारे म्हणजे डीजे. त्यांना भोवतीच्या गदारोळातही पुढचं गाणं कानात ऐकू यायला हवं, म्हणून कानावरची वाटी घट्ट बसणारी पाहिजे आणि डोक्यावरची कमान कितीही पिळली तरी न मोडणारी. बनवणारे घरी बसून गाणी रचतात. त्यांना हेडफोन खरं बोलणारा पाहिजे. "गोडबोल्या घेऊ नका," मामा प्रत्येकाला बजावायचा. "तो ढोल फुगवून ऐकवतो, तुम्ही खूश होता, आणि दुसऱ्याच्या घरी तेच गाणं पोकळ वाजतं." हे सांगताना तो थोडी शेखी मिरवायचा, पण सांगायचा ते खोटं नव्हतं.

भाची दोन्ही करायची. आठवड्यातून तीन-चार कार्यक्रमांत वाजवायची आणि उरलेले दिवस घरी बसून गाणी बनवायची. तिशी उलटली तरी मामाला ती स्टुलावर पाय हलवत बसलेली पोरच दिसायची. सहा वर्षांची असताना तिने दुरुस्त झालेला टेप ऐकून सांगितलं होतं, "मामा, हा हळू फिरतोय." मामाने हसून मोजलं, तर खरंच केसभर हळू फिरत होता. त्या दिवसापासून तो तिला कानसेन म्हणायला लागला. पुढे साठी ओलांडल्यावर मामाच्या स्वतःच्या कानांनी बारीक आवाजांशी फारकत घेतली. मग दुरुस्त झालेला हेडफोन शेवटी भाचीच्या डोक्यावर चढायचा आणि ती "ठीक" म्हणाली की ठीक. दुकानात आवाज मोजायचं मीटर होतं. पण घरात कानसेन असताना मीटरला कोण विचारतो?

तीन महिन्यांपूर्वी ती स्वतःचा हेडफोन घेऊन आली होती. म्हणाली, "उजवीकडे जरा कमी येतंय." मामाने वाटी उघडली, वायर तपासली, सोल्डर तपासलं. कुठे काही सापडेना. दुसरं कोणी असतं तर मामाने सरळ परत पाठवलं असतं. पण भाची म्हणते कमी आहे म्हणजे कमी आहे. उजवीकडचा आवाज वाढवता येत नाही, डावीकडचा मात्र कमी करता येतो. त्याने डाव्या वाटीत तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर बसवला. त्याने डावीकडचा प्रवाह थोडा अडला, आवाज थोडा उतरला. भाचीने ऐकलं आणि म्हणाली, "आता कसं सारखं झालं! मामा, तुझ्या हाताला तोड नाही." काय केलं ते तिने विचारलं नाही, आणि कौतुकाच्या भरात मामानेही सांगितलं नाही.

आज भर दुपारी ती पुन्हा आली. स्टुलावर बसता बसताच म्हणाली, "परत तेच रे. उजवीकडे कमी."

"परत?"

"मागच्यापेक्षा जास्तच. परवा वाजवताना पुढचं गाणं नीट लागेचना. शेवटी आवाज पार टोकाला नेला. वर आयोजक विचारतोय, आज तब्येत बरी नाही का म्हणून. पुढच्या महिन्यात मोठे कार्यक्रम आहेत, मामा. असं दोनदा झालं ना, की माझ्या जागी दुसरं कोणी उभं राहील."

मामाने हेडफोन हातात घेतला. उजव्या कानाची गादी पार चेपली होती, चामडं सोलून आतला स्पंज डोकावत होता. डावी गादी जवळजवळ नवी. डीजे एक वाटी कानावर दाबतात आणि दुसरी मागे सरकवतात, पुढचं गाणं एका कानाने ऐकतात आणि चालू असलेलं दुसऱ्या. भाचीचा कामाचा कान उजवा. दहा वर्षं खांदा वर करून, मान कलती करून तिने त्या एका कानात गाणी भरली होती. मामाने हे हजार वेळा पाहिलं होतं. आज मात्र मनात पाल चुकचुकली.

आता डावीकडे आणखी मोठा रेझिस्टर घालावा लागणार. पण किती मोठा, हे ठरवायला त्याने कधी नव्हे ते मीटर ओढलं, धूळ फुंकली आणि दोन्ही बाजू मोजल्या. उजवी बाजू डावीपेक्षा मोठी वाजत होती, आणि तशीच वाजायला हवी होती, कारण डावी त्यानेच दाबून ठेवली होती. तरीही भाचीला उजवीकडे कमी येत होतं. त्याने पिन काढून पुन्हा लावली, पुन्हा मोजलं. काटा तिथेच आला.

मामाने मीटर खाली ठेवलं.

त्या दुकानात एक रिवाज होता. कोणीही एका बाजूची तक्रार घेऊन आलं की स्क्रूड्रायव्हरला हात लावण्याआधी मामा सांगायचा, उलटा घालून बघा. डावी वाटी उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. तक्रार हेडफोनबरोबर फिरली तर दोष हेडफोनचा. फिरली नाही, त्याच कानात राहिली, तर माझ्याकडे नका येऊ, कानाच्या डॉक्टरकडे जा. लहानपणी सुट्टीत दुकानात बसून भाचीनेच किती गिऱ्हाइकांना हे ठसक्यात ऐकवलं होतं. फक्त तिला स्वतःला हे सांगावं, असं मामाला कधी सुचलं नव्हतं. तिच्या कानावर शंका घेणं म्हणजे मोजपट्टीवरच शंका घेण्यासारखं.

"काय झालं?" भाचीने विचारलं. "इतका काय विचार करतोयस?"

एक आणखी मोठा रेझिस्टर घातला की काम होणार होतं. ती हसत जाणार होती, चार महिने पुन्हा येणार नव्हती. मामाच्या हाताशी डबी होती, डबीत रेझिस्टर होते. आयुष्यभर दुसऱ्यांना गोडबोल्याची भीती घालणाऱ्या माणसाने घरच्याच पोरीला गोडबोल्या करून दिला होता, आणि तो ऐकून तिने आवाज आणखी वाढवला होता, त्याच कानात. मामाला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याने डबी बाजूला सारली, डावी वाटी उघडली आणि आतला दाणा काढून टेबलावर ठेवला. वायर पुन्हा होती तशी जोडली, दोन्ही बाजू मोजल्या. अगदी सारख्या.

"बाळ," तो म्हणाला, "जरा उलटा घाल बघू."

भाचीने हेडफोन घेतला आणि हात मध्येच थांबला. तिला काहीही समजावून सांगायची गरज नव्हती. ती मामाकडे बघत राहिली.

"घाल," मामा म्हणाला.

तिने घातला. मामाने हेडफोनमध्ये एकच साधा सूर लावला. "कुठे कमी येतंय?"

तिने हात उचलला आणि उजव्या कानावर ठेवला.

"सरळ घाल आता."

तिने सरळ घातला. हात तिथेच राहिला.

बाहेर कोणीतरी जिना चढून गेलं. भाचीने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "कानात शिट्टी वाजते कधी कधी," ती म्हणाली. "कार्यक्रमानंतर. झोपेपर्यंत वाजत राहते. मला वाटलं थकव्याने असेल."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल." मग तिची नजर टेबलावरच्या त्या दाण्यावर गेली. "हे काय आहे?"

मामाने सांगितलं. काही लपवलं नाही. कुठे बसवला, कधी, कशासाठी. "मोजलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. उलटा घाल म्हणालो असतो तरी कळलं असतं. प्रत्येकाला म्हणतो, तुलाच म्हणालो नाही."

"का नाही म्हणालास?" तिचा आवाज चढला. "तीन महिने मामा! तीन महिने मी याच कानात... का नाही म्हणालास?"

"तुझा कान चुकेल असं वाटलंच नाही गं मला."

भाची रडायला लागली. लहानपणी पडल्यावर रडायची तशी मोठ्याने नाही, आवाज न करता. मामाला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण तो हक्क आज आपल्याला आहे का, हे कळेना. मग त्याने ठेवलाच. तिने तो झटकला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो तिच्याबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे गेला. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी भाचीला बारीक बारीक सूर ऐकवले, ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. मामा बाहेरून बघत होता. डाव्या कानाच्या वेळी बोट भराभर चालत होतं. उजव्याच्या वेळी ते बटणावर नुसतं टेकून राहिलं आणि मामाने तोंड फिरवलं. डॉक्टर बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. उजव्या कानाचे वरचे सूर गेलेत, ते परत येणार नाहीत. उरलंय ते मात्र पुष्कळ आहे, आणि सांभाळलं तर राहील. आवाज कमी, मध्ये मध्ये विश्रांती, कार्यक्रमात कानांत बोळे, आणि उजव्या कानाला कामातून सुट्टी. शिवाय उजवीकडे आणखी कमी वाटलं, तर एक दिवसही न थांबता दाखवायला यायचं.

मग मामा-भाचीने मिळून नवा हेडफोन निवडला. भिंतीवरचे सगळे उतरवून झाले. मामाला एकच गोष्ट हवी होती. वाटी अशी बसली पाहिजे की बाहेरचा गोंगाट आत येणार नाही, म्हणजे आवाज चढवायचा मोहच होणार नाही. भाचीने एकेक घातला, मान हलवली, वाकली, एक वाटी मागे सरकवली. अकरावा तिला पटला. घरी गाणी बनवायला मामाने दुसरा दिला, दिसायला अगदीच गबाळा, पण जे आहे तेच सांगणारा.

"आता डाव्या कानाने शिक," मामा म्हणाला.

शिकणं सोपं नव्हतं. खांदा चुकीचा उचलला जायचा, मान आपोआप उजवीकडे कलायची. डाव्या हाताने जेवायला बसल्यासारखं वाटतं, ती म्हणायची. मोठ्या कार्यक्रमांपैकी दोन तिने स्वतःहून सोडले आणि रोज दुपारी दुकानात येऊन सराव केला. चुकली की चिडायची आणि चिडली की मामावरच खेकसायची. मामा मुकाट ऐकून घ्यायचा, कारण ती येत होती हेच खूप होतं. घरी बनवलेलं प्रत्येक गाणं ती आता मोजून बघायची, मग हेडफोन उलटा घालून पुन्हा ऐकायची. एकदा म्हणाली, "मामा, यापुढे मी काही सांगितलं तरी लगेच खरं मानू नकोस. आधी मोजत जा." मामा हो म्हणाला. पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

दोन महिने बरे गेले. मग एका सकाळी दुकान उघडायच्या आधीच ती दारात उभी होती. हातात नवा हेडफोन, चेहरा उतरलेला.

"उजवीकडे अजूनच कमी येतंय. काल संध्याकाळपासून."

आवाज वाढवला होता का, बोळे घातले होते का, शिट्टी वाजली का, असे तीन प्रश्न मामाच्या तोंडाशी आले आणि त्याने गिळले. कुलूप काढायला त्याला तीन वेळा किल्ली लावावी लागली.

"उलटा घालून बघितलास?"

"नाही." ती खाली बघत होती. "हिंमत झाली नाही. तुझ्यासमोर घालायचं ठरवलं."

मामाने सूर लावला. भाचीने डोळे मिटले आणि हेडफोन उलटा चढवला. मामा तिच्या दोन्ही हातांकडे बघत होता. उजवा हात हलला. पण तो हात तिने नुसता टेबलावर टेकला, आणि डावा उचलून डाव्या कानावर नेला.

"मामा," ती डोळे न उघडता म्हणाली, "डावीकडे कमी येतंय."

"नीट ऐक."

"नीटच ऐकतेय. डावीकडे! माझा कान नाही, मामा, हेडफोन!"

"थांब, आधी मोजू दे." मामाने मोजलं. काटा भाचीच्या बाजूने बोलला. त्याने उजवी वाटी उघडली. कमानीच्या सांध्याशी वायर पिळून पिळून तुटत आली होती, जेमतेम एका तारेवर लोंबत होती.

"तुटलीय!" मामा ओरडला. "तुटलीय गं! बघ, कशी मस्त तुटलीय!"

शेजारचा घड्याळवाला काय झालं म्हणून धावत आला. बघतो तर मामा तुटकी वायर उंच धरून रडतोय आणि भाची त्याच्या गळ्यात पडून हसतेय.