गाठीची जागा

अनुया आठ महिन्यांची झाली, झोळीत उठून बसायला लागली, आणि सकाळी पाणी भरायला खाली जायचं म्हटलं की माझ्या जिवाला घोर लागायचा. माझा नवरा विश्वजीत, त्याची कंपनीची बस न्हावा शेवाला जायला सहालाच सुटायची. पाणी यायचं त्यानंतर. विचुंब्याच्या बाजूला नव्यानंच उभ्या राहिलेल्या आमच्या तीन इमारतींत पाणी काही वरच्या टाकीत चढत नव्हतं, म्हणून टँकर यायचा, आणि तो आमच्या सी बिल्डिंगच्या पुढ्यात उभा राहायचा. तिथून मान वर केली की पहिल्या मजल्यावरची माझी खिडकी दिसायची, आणि खिडकीतून झोळीची दोरी. दोरी स्थिर असली की पोर झोपलंय. हलायला लागली की हंडा तिथंच टाकून मी जिना चढायचे.

आता टँकर बंद होऊन आवारात सामाईक नळ येणार होता. एकच नळ, तिन्ही इमारतींना मिळून. ए बिल्डिंग रस्त्यालगत, म्हणून ए वाल्यांना तो आपल्या फाटकाशी हवा होता. पण फाटकापाशी उभं राहिलं की मध्ये बी बिल्डिंगचा कोपरा येतो आणि माझी खिडकी दिसत नाही. बाकी सगळ्यांसाठी तो पाण्याचा प्रश्न होता. माझ्यासाठी खिडकीचा.

मीटिंगमध्ये आवाज चढायला लागले तसं मी उठून म्हटलं, भांडण कशाला, गणितानं ठरवू. तिन्ही इमारतींपासूनची अंतरं मिळून कमीत कमी होतील अशी एकच जागा असते, ती शोधू. आमचे सेक्रेटरी उदयसिंह जगताप एमध्ये राहायचे, बँकेत होते. गोड बोलायचे, आणि त्यात एक टाचणी असायचीच. म्हणाले, वहिनी बीएस्सी आहेत, आपल्याला त्यातलं काय कळतंय, त्यांच्यावरच सोपवू. सगळ्यांनी हसत हात वर केले आणि निर्णय पुढच्या रविवारवर गेला.

हे कोडं मी कॉलेजात सोडवलेलं होतं. तीन ठिकाणांकडे जाणाऱ्या रेषा जिथं एकमेकींशी सारखे कोन करतात, ती जागा. घरी येऊन आवाराचा नकाशा काढला, कंपासनं वर्तुळं मारली. जागा मोकळ्यावर, जराशी आमच्या बाजूला आली. तिथं जाऊन उभी राहिले आणि वर पाहिलं. खिडकी स्वच्छ दिसत होती.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून शनिवारी दुपारी अनुयाला कडेवर घेऊन तळमजल्यावरच्या डेव्हिडकाकांकडे गेले. काका अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. मुलगा ओमेर इस्राएलला, इथं ते आणि रेबेकाकाकू. शनिवार त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी ते पेन हातात धरत नाहीत हे मला ठाऊक होतं, पण घाईत विसरले. मी पुढं केलेल्या कागदाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "आज लिहिणं नाही. तोंडी सांग."

तोंडी सांगायला बसल्यावर मीच अडखळायला लागले. मग त्यांनी दुसरंच कोडं घातलं. एक सपाट बोर्ड आहे, तीन इमारतींच्या जागी तीन भोकं. तीन दोऱ्यांची एका टोकाला मिळून एक गाठ, दुसरी टोकं भोकांतून खाली सोडून प्रत्येकीला वजन बांधलंय. गाठ सोडून दिली तर कुठं थांबेल?

मी डोळ्यांपुढं आणत गेले. वजनांना जास्तीत जास्त खाली जायचं असतं. ती खाली गेली म्हणजे दोरी खाली जास्त आणि बोर्डावर कमी. म्हणजे जिथं बोर्डावरची दोरी कमीत कमी, तिथंच गाठ थांबणार. आणि तीन सारख्या ओढींचा तोल जमायचा तर कोनही सारखेच हवेत. मी दोन पानं भरून जे सिद्ध करायचे ते तीन वजनं न बोलता करत होती. मला इतकं बरं वाटलं की मी हसलेच.

"मग तू तिन्हींना सारखं वजन बांधलंस ना?" काकांनी विचारलं.

"हो."

"तिन्ही इमारतींत घरं सारखी आहेत?"

माझं हसू गेलं. ए चांगली लांबरुंद, चार मजली. बी तिच्या निम्मी. आमची सी सगळ्यात लहान. मी तीन इमारतींचे तीन ठिपके केले होते आणि ठिपक्यांत माणसं राहतात हे सोडून दिलं होतं.

अनुयाला मांडीवर घेऊन बसलेल्या रेबेकाकाकू म्हणाल्या, हे असंच करतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, चहात बुडवल्यावर बिस्किट कुठून मोडेल. मी म्हटलं, तुमच्या हातातून.

रविवारी सकाळी काकांनी जुन्या ड्रॉइंग बोर्डाला नकाशाप्रमाणे तीन भोकं पाडून ठेवली होती. पोरांच्या गोट्या गोळा केल्या. घराला एक गोटी, अशा तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या भरून दोऱ्यांना लटकवल्या. मी गाठ धरून माझ्या जागेवर आणली आणि हळूच सोडली.

ती हलली नाही.

मी काकांकडे पाहिलं. मला तर वाटलं, सुटले. वजनं कमीजास्त असूनही जागा तीच.

"तुझ्या गणितातल्या दोरीला घर्षण नसतं," काका म्हणाले. "या दोरीला आहे." आणि त्यांनी बोर्डाला खालून बोटाच्या पेरानं टकटक केलं. गाठ थरथरली आणि थोडी सरकली. पुन्हा टकटक, पुन्हा सरकली. असं करत करत ती एच्या भोकाला जाऊन चिकटली. मी ती बीजवळ ठेवून पाहिली, अगदी आमच्या दारात ठेवून पाहिली. टकटक केलं की तिथंच जायची. तोपर्यंत कारणही माझ्या लक्षात आलं होतं. एच्या गोट्या बी आणि सीच्या मिळून होतात त्याहून जास्त. दोघी एकाच दिशेनं ओढायला लागल्या तरी एला हरवू शकत नव्हत्या. यात चूक काढायला जागाच नव्हती.

मी पिशव्या सोडायला लागले. काका म्हणाले, थांब.

"तुला नळ कुठं हवा होता?"

मी खिडकीचं सांगितलं, झोळीचं सांगितलं. विश्वजीत सोडून कुणाजवळ हे बोलले नव्हते.

"मग हे बोर्डाला सांगितलंस का? तू घरं सांगितलीस, त्यानं घरांचं उत्तर दिलं."

त्यांनी लाकडी फूटपट्टी घेतली. तिचं एक टोक माझ्या खिडकीच्या जागी टाचणीनं अडकवलं आणि पट्टी बीच्या कोपऱ्याला लागून जाईल अशी ठेवली. हिच्या पलीकडून खिडकी दिसत नाही, म्हणाले, तर गाठीला पलीकडे जाऊ द्यायचं नाही. मोकळं टोक मला पलीकडच्या बाजूनं बोटानं अडवून धरायला लावलं आणि खालून टकटक केलं. गाठ निघाली, पट्टीला येऊन टेकली, पट्टीच्या कडेनं थोडी घसरली आणि एका जागी थांबली.

आणि पट्टी माझ्या बोटावर रेलली. झोपेत अनुयाची टाच माझ्या पोटाला लागते, तितकीच.

"हा दाब म्हणजे तुझ्या अटीची किंमत," काका म्हणाले. "इतरांनी मोजायची."

कॉलेजात या किमतीला आम्ही एक ग्रीक अक्षर द्यायचो आणि उत्तर मिळालं की ते खोडून टाकायचो. ते बोटाला लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बराच वेळ बोट काढलं नाही.

संध्याकाळी आवारात खुर्च्या मांडल्या होत्या. प्लंबर काळूराम चुन्याची पिशवी घेऊन बाजूला बसला होता, जागा ठरली की खूण करून जायला. माझ्या पर्समध्ये शनिवारचा कागदही होता, सारख्या कोनांचा. तो दाखवला असता तर कुणी आक्षेप घेतला नसता. मी तो आतच ठेवला आणि आम्ही बोर्ड टेबलावर आणला. जगताप म्हणाले, "वहिनी, कॅरम खेळायचाय की काय?"

मी गाठ मध्ये ठेवली, काकांनी टकटक केलं, आणि सगळ्यांच्या देखत ती एच्या दारात गेली. ए वाल्यांनी टाळ्या वाजवल्या. गणितानं न्याय केला, असं जगताप म्हणाले.

"केला," मी म्हटलं. "आता माझी एक अट आहे, ती त्यात नाही. सकाळी माझी मुलगी घरात एकटी असते. नळाशी उभं राहून मला माझी खिडकी दिसायला हवी." आणि मी पट्टी लावली.

जगतापांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, आज तुमची खिडकी, उद्या कुणाचं दूध उतू जाईल. अशा किती पट्ट्या लावणार?

"लावू द्या. प्रत्येक पट्टी बोटानं धरून बघा. फार दाब आला तर काढून टाका. ही आधी धरून बघा."

ते पुढं आले. मोठा जोर लागणार असं धरून त्यांनी चार बोटं लावली. काकांनी टकटक केलं. गाठ येऊन टेकली तशी जगतापांनी तीन बोटं काढून घेतली.

"एवढाच?"

एचा जोर जास्त आहे, पण थोडाच जास्त, मी सांगितलं. बी आणि सी मिळून बराचसा परत ओढून घेतात. तेवढ्यात एमधल्या हौसाबाई उठून आल्या. त्यांनी करंगळी लावून पाहिली. म्हणाल्या, "एवढं तर मी गप्पा मारायला चालते." लोक हसले आणि मग रांगच लागली. प्रत्येकाला पट्टी धरून बघायची होती.

जगताप मात्र हसले नाहीत. जरा वेळानं म्हणाले, "चालायचा जास्तीचा त्रास आम्हाला, तर नळावर पहिला नंबर एचा. रोज."

म्हणजे मला रोज मागं उभं राहावं लागणार होतं, आणि अनुया तेवढा वेळ जास्त एकटी. पण खिडकी समोर असणार होती. मी हो म्हटलं.

"आमाला काय, जागा दावा, मी खनतो," काळूराम म्हणाला. जगतापांनी नकाशावरून अंतर काढलं, बीच्या कोपऱ्यापासून स्वतः पावलं टाकली, आणि काळूरामनं तिथं चुन्याची फुली मारली. रांग संपल्यावर पट्टी पुन्हा मीच धरली होती, आता बोट काढून घेतलं. पट्टी बाजूला वळली, कुणाचा तरी धक्का टेबलाला लागला, आणि गाठ घसरत एच्या भोकाशी जाऊन थांबली. बोर्ड त्याच्या जागी बरोबरच होता.

जगतापांनी तिकडं एकदा पाहिलं. मग काळूरामला म्हणाले, "फुली आहे तिथंच खण."