बाण पुढे

माझ्या सासऱ्यांच्या शब्दकोशात ‘पुढे’ या शब्दाला एकच अर्थ आहे: गाडीच्या तोंडाकडे. इंजिन गाडीत असो, उतरवून टेबलावर ठेवलेलं असो, की उद्या कुणी आमच्या पलंगावर आणून ठेवो. पुढे म्हणजे गाडीचं तोंड. घरात हे सगळ्यांना पाठ आहे. मलाही होतं.

त्यांची कॅम्पर व्हॅन जुनी. आत झोपायला फळी, छोटी शेगडी, खिडक्यांना सासूबाईंनी शिवलेले पडदे, आणि इंजिन मागच्या बाजूला. एका चढावर ते इंजिन जाम झालं आणि व्हॅन दुसऱ्या गाडीला बांधून घरी आणावी लागली.

“भंगारात द्या,” माझा नवरा म्हणाला.

“इंजिन नव्याने बांधतो,” बाबा, म्हणजे सासरे, म्हणाले.

त्यांचे हात आता थरथरतात. म्हणून हात माझे आणि डोकं त्यांचं, असं ठरलं. पण डोक्याबद्दलही घरात कुजबुज सुरू झाली होती. बाबा गॅस बंद करायला विसरले, बाबा शेजाऱ्यांचं नाव विसरले. मी त्यांच्या बाजूने सगळ्यांशी भांडायचे. मला भांडायला कारण लागत नाही, इथे तर चांगलं कारण होतं.

पिस्टन बसवायच्या दिवशी ते खुर्चीतून म्हणाले, “प्रत्येक पिस्टनच्या डोक्यावर बाण आहे बघ. बाण पुढे.”

“हं.”

“पुढे म्हणजे कुठे, कळलं ना?”

“कळतं हो, बाबा! मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

टेबलावर इंजिनाचा पंखा माझ्या बाजूला होता. गाडीत बसवल्यावर तो मागे जातो. पण तोंड चालत असलं की माझं डोकं चालत नाही. माझ्या समोर ते पुढे, असं धरून मी सगळे बाण पंख्याकडे केले आणि तोऱ्यात झाकणं लावली.

इंजिन चालू झालं तेव्हा सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग आतून टकटक ऐकू यायला लागली. बाबांनी कान लावला आणि त्यांचा चेहरा पडला.

“बाण... मी पुढे म्हणालो होतो ना? की मागे म्हणालो?”

टेबलावरचा पंखा कुठल्या बाजूला होता, ते मला आत्ता आठवलं. ‘तुम्ही बरोबर बोललात, मीच माती खाल्ली,’ एवढंच तर म्हणायचं होतं. पण शेजारी नवरा उभा होता, आणि त्याला खिळासुद्धा सरळ ठोकता येत नाही हे मी त्याला सकाळीच ऐकवलं होतं. मी मिठाची गुळणी धरली.

“मीच चुकीचं सांगितलं असणार,” बाबा म्हणाले.

आणि मी, सांगायलाही लाज वाटते, त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “जाऊ द्या बाबा, होतं असं या वयात.” चूक माझी, आणि माफ मी त्यांना केलं!

त्यानंतर तो माणूस मिटत गेला. दाराला कडी लावली का, हे पुन्हा पुन्हा विचारायला लागला. एकट्याने बाहेर जाणं सोडलं. एका संध्याकाळी जेवताना ते नवऱ्याला म्हणाले, “व्हॅन विकून टाक. माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही.”

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

“बाबा, तुम्ही पुढेच म्हणाला होतात,” मी म्हणाले. “मीच बाण उलटे बसवले. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा गप्प बसले.”

मला वाटलं, आता बोलणी बसणार. मला ती हवीच होती. पण सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “अशी सून मिळायला नशीब लागतं,” त्या म्हणाल्या. नवऱ्याने इतक्या प्रेमाने माझ्याकडे पाहिलं की त्याच्या डोक्यात ताट घालावंसं वाटलं.

“अहो, खरं सांगतेय मी!” मी ओरडले. पण पुरावा काय देणार? इंजिन उघडलं तरी बाण उलटे आहेत एवढंच दिसणार. ते कुणामुळे उलटले, हे दिसणार नाही.

बाबांनी थरथरता हात माझ्या डोक्यावर ठेवला.

“राहू दे, पोरी,” ते म्हणाले. “तुला खोटं बोलता येत नाही.”